रिकाम्या दुनळीची पूजा

आमच्या पतसंस्थेच्या शाखेत एक बंदूक होती, आणि ती रिकामी आहे की नाही हे रोज सकाळी बघायचं काम माझ्याकडं होतं. नेमणुकीच्या पत्रात हे काम कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिजोरीच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडं असायची, बंदूक रात्री त्याच खोलीत असायची, म्हणून ते लचांड माझ्या गळ्यात पडलं. साडेनऊला मी खोली उघडायची, गार्ड बंदूक बाहेर आणायचे, आणि पुढची दोन-तीन मिनिटं जे चालायचं ते बघून मला रोज वाटायचं, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

ते फौजेतून निवृत्त झालेले, सांगोल्याकडचे. फौजेत त्यांची सगळी नोकरी बंदुका दुरुस्त करण्यात गेली होती. शाखेतले सगळे त्यांना फौजी म्हणायचे, मी मामा म्हणायचे. काटक अंग, बोलणं मोजकं, आणि शर्टाच्या डाव्या खिशाचं बटण कायम लावलेलं. त्या खिशात दोन काडतुसं असायची.

बंदूक हातात घेतली की मामा पहिल्यांदा तिचं तोंड खिडकीखालच्या लाल बादलीकडं वळवायचे. आग लागली तर असावी म्हणून ठेवलेली वाळूची बादली ती. "तोंड आदी, मग बोट, मग उगडायची," असं ते रोज म्हणायचे, जणू मी काल ऐकलंच नव्हतं. बोट चापापासून लांब, सरळ. मग खटका दाबून नळ्या खाली झुकवायच्या आणि मला हाक मारायची.

"या ताई. बगा."

मी मागच्या बाजूनं वाकून नळ्यांतून बघायचं. सकाळचं ऊन खिडकीतून त्या वाळूवर पडलेलं असायचं. दोन नळ्यांतून उन्हातल्या वाळूचे दोन गोल दिसले की बंदूक रिकामी.

"काय दिसलं?"

"वाळू."

"किती?"

"दोन."

मग रजिस्टर. त्यात एक रकाना होता, 'रिकामी, समक्ष पाहिली'. त्याच्यापुढं माझी सही. संध्याकाळी बंदूक आत ठेवताना पुन्हा तेच सगळं.

पहिले काही महिने मी खरंच वाकून बघितलं. पुढं कंबर दुखायला लागली म्हणा किंवा कंटाळा म्हणा, मी लांबूनच मान डोलवायला लागले. त्याच्या पुढं तर खुर्चीतून उठणंही सोडलं. ते विचारायचे, "बघितलं न्हवं ताई?" आणि मी कॉम्प्युटर सुरू करता करता म्हणायचे, "बघितलं." एकदा ते बंदूक तशीच उघडी धरून उभे राहिले. हलेनात.

"ताई, तुमी बघितलं न्हाय. तुमी नुसतं बोलला."

मला राग आला. माझा राग नाकावर असतो, हे माझी आईसुद्धा सांगेल. मी म्हणाले, "मामा, तुम्ही बघितलंय ना? मग झालं की. दोघांनी मिळून बघितलं तर ती काय जास्त रिकामी होणार आहे?"

"म्या बघितलं ते म्या बघितलं. मानूस येकटा बघतो तवा त्याला पायजे तेच दिसतंय. म्हून दोगं." एवढं बोलून ते तसेच उभे. शेवटी मी उठले, वाकले, वाळू बघितली आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा खुर्चीतूनच 'बघितलं'.

ती बंदूक म्हणजे बारा बोअरची जुनी दुनळी. संस्था निघाली तेव्हा कुणाकडून तरी घेतलेली. नळ्यांच्या मागं बाहेरच्या अंगाला दोन घोडे, शेळीच्या शिंगांसारखे मागं वळलेले. एकदा दुपारी शाखेत चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मामांनी मला ते घोडे दाखवले होते.

"ह्याच्या पोटात खाच असती. घोडा अर्ध्यावर आनला की खाचंत बसतो, म्होरं जात न्हाय. हिची खाच झिजलीया. दाराची कडी झिजल्यावर वाऱ्यानं बी दार उगडतंय की, तसं. घोडा जरा उचलला आन् सुटला, की बसला पिनीवर, आन् पिन काडतुसावर."

"पण सेफ्टी असते ना बंदुकीला?"

"नव्या बंदुकीला असती. सेफ्टी तर असतीच, वर आत घोडा आन् पिनीच्या मदी येक पट्टी येती. चाप वडल्याबिगर ती पट्टी बाजूला व्हतच न्हाय. पडली, आपटली, कशात अडकली, तरी वाजत न्हाय. मानूस चुकनार हाय, ह्ये धरूनच बनवल्याली असती ती."

"आणि ही?"

"हिला बनवनाराला वाटलं आसंल, मानूस चुकनारच न्हाय." मामा हसले नाहीत. "हिची सेफ्टी म्हंजी मी आन् तुमी."

नवी बंदूक घ्या म्हणून त्यांनी मुख्य कार्यालयाला दोनदा अर्ज केला. दोन्ही अर्ज मीच टाइप करून दिले होते, वर त्यांच्या शुद्धलेखनाला नावंही ठेवली होती. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की बंदूक ही दाखवण्यासाठी असते, ती चालवायची वेळ येऊ नये हेच गार्डचं काम. मामांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. बंदूक ते रिकामीच बाळगायचे. शाखाधिकारी साहेबांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "भरायला मला तीन श्वास लागत्यात. दरवडेखोराला सांगतो थांब म्हून."

आता माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे यजमान याच शाखेत कॅशियर होते. मंद्रूपहून मोटरसायकलवर येताना ट्रकनं उडवलं आणि ते गेले. सहा महिन्यांनी संस्थेनं मला त्यांच्या जागेवर घेतलं. काउंटर तोच, खुर्चीही तीच. मुलगी तेव्हा आठवीत होती. ही नोकरी होती म्हणून मी सासरी कुणापुढं हात न पसरता सोलापुरात दोन खोल्यांत राहत होते. नोकरी गेली असती तर मला आणि माझ्या मुलीला परत मंद्रूपला, दिराच्या दारात जावं लागलं असतं. एवढं लक्षात ठेवा. मी केलं त्याला हे कारण म्हणून पुरत नाही, पण ते खोटंही नाही.

बाकी मग बायकांचं. आमच्या कॉलनीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणारी बाई माझ्या दारापुढून चपला न वाजवता जायची. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सगळ्या अगदी प्रेमळ. फक्त पूजा असली की मला काहीतरी दुसरं काम सांगायच्या.

त्या वर्षी खंडेनवमी आली. सोलापुरात त्या दिवशी यंत्रमागांचा खडखडाट थांबतो आणि शहर बहिरं झाल्यासारखं वाटतं. मागांना झेंडूच्या माळा, रिक्षांना माळा, शिलाई मशिनीला माळ. आमच्या शाखेतही पूजा व्हायची. कॉम्प्युटर, तिजोरीचं कुलूप, आणि मधोमध बंदूक. आमचे शाखाधिकारी विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे, मनानं भला माणूस. सकाळी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मॅडम, या वर्षी पूजा तुम्ही करा."

शिपायानं हळद-कुंकवाचं ताट आणून माझ्या हातात दिलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. दीड वर्षात माझं बोट कुंकवाला लागलं नव्हतं. मी ठरवलं, पूजा अशी करायची की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

मामांनी बंदूक आणली, तोंड बादलीकडं केलं, उघडली. त्या दिवशी मी खरंच वाकून बघितलं. वाळूचे दोन गोल. सही केली. मामांनी बंदूक तशीच उघडी, मधून वाकलेली, देवीच्या तसबिरीखालच्या टेबलावर लाल कापडावर ठेवली. तोंड बादलीकडं.

साहेब म्हणाले, "फौजी, काडतुसं घाला आणि बंद करा. आमच्या घरी रिकामा माग पूजत नाहीत. सूत चढवूनच पूजतात."

"साहेब, मागावर सूत चडवलं तर मानूस मरत न्हाय."

साहेब हसले. पण मला साहेबांचं पटलं होतं. माझ्या माहेरीही तेच. पूजेला सूप मांडलं तर त्यात मूठभर ज्वारी हवी. कळशी भरलेली हवी. शेजारणीचा डबा परत द्यायचा तर त्यात चिमूटभर साखर तरी टाकायची, रिकामा डबा परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं. रिकाम्याची पूजा हे आमच्यात कुणी ऐकलेलंही नाही. बराच वेळ हो-नाही झालं. शेवटी तोडगा निघाला, की काडतुसं ताटात सुपारीशेजारी ठेवायची. मामांनी नाइलाजानं खिशाचं बटण काढलं.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजायला लागला. मुख्य कार्यालयाची गाडी आली होती आणि गेटसमोर मोटरसायकली आडव्या लावलेल्या. साहेबांनी मामांना खाली पाठवलं. जाता जाता मामा मला म्हणाले, "ताई, तुमच्या नजरंखाली हाय. कुनाला हात लावू देऊ नगा."

"बरं मामा," मी म्हणाले.

मग मी पूजेला लागले. टेबल आडवं होतं, पूर्वेला तोंड करून बसता येईना, म्हणून मी ते फिरवलं. टेबल फिरलं तसं बंदुकीचं तोंड बादलीकडून काउंटरकडं, माझ्याच खुर्चीकडं फिरलं. माझ्या ते लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात काय आलं, तर ती मधून मोडल्यासारखी पडलेली बंदूक देवीपुढं बरी दिसत नाही. आणि वर ती रिकामी. उद्या कुणी म्हणायला नको, की हिनं पूजा केली, ती पण रिकाम्याची.

साहेब केबिनमध्ये फोनवर होते. शिपाई नारळ फोडायला मागं गेला होता. मी ताटातली दोन काडतुसं उचलली आणि नळ्यांत सरकवली. समईत वात सरकवावी इतकं सोपं होतं ते. नळ्या वर केल्या, खट् झालं. दोन्ही घोड्यांना हळद-कुंकू लावलं. झेंडूची माळ लांब होती. तिचं एक टोक तसबिरीच्या खिळ्याला बांधलं, दुसरं घसरू नये म्हणून दोरा घोड्यांना दोनदा गुंडाळला. फार सुंदर दिसत होतं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि मुलीला पाठवला. खाली लिहिलं, पूजा मी केली.

आरती झाली. काउंटर उघडला. सणामुळं गर्दी होती. मी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होते आणि माझ्या कपाळावर काय आहे, काय नाही, हे त्या दिवशी कुणी बघत नाही असं मला वाटत होतं. मी आनंदात होते. हे लिहिताना हात थांबतो, पण मी आनंदात होते.

वीसेक मिनिटांनी मामा वर आले. टेबलापाशी थांबले.

"ताई, बंदूक बंद कुनी केली?"

"पूजेसाठी," मी मान वर न करता म्हणाले. एक म्हातारे गृहस्थ मला आणखी एक पेढा नातवासाठी मागत होते.

"बघितलं न्हवं ताई?"

"बघितलं."

विसरले होते, असं मी म्हणणार नाही. कुणी थांबवून विचारलं असतं तर दोन श्वासांत सगळं आठवलं असतं. पण तो प्रश्न रोजचा होता आणि उत्तरही रोजचं. माझं तोंड बोललं. मी त्यात नव्हते.

बंदुकीचं तोंड माझ्याकडं आहे हे मामांना दिसलं. भरलेली आहे असं मी सांगितलं असतं, तर त्यांनी आधी माणसं बाहेर काढली असती, मागून येऊन एकेक दोरा तोडला असता. रिकामी आहे म्हटल्यावरही त्यांनी पहिला नियम मोडला नाही. तोंड आधी. त्यांनी डावा हात पुढं केला आणि नळ्या तोंडापाशीच धरून माझ्यापासून भिंतीकडं ढकलल्या.

बंदूक फिरली तशी माळ ताणली गेली, दोऱ्यानं घोडा उचलला. मला झेंडूची फुलं खाली पडताना दिसली. मग आवाज झाला. आवाज म्हणजे काय, कानात काही उरलंच नाही. भिंतीचा गिलावा माझ्या खांद्यावर पडला. छर्रे माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर भिंतीत गेले होते. लाल कापड लाल होतं म्हणून त्यावरचं रक्त आधी कळलंच नाही. मामा उभे होते. उजव्या हातानं त्यांनी डाव्या हाताचं मनगट धरलं होतं आणि ते त्या मनगटाच्या पुढं जे होतं त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ताटाकडं. ताटात सुपारी होती. काडतुसं नव्हती.

एवढ्यावरून त्यांना सगळं समजलं. मला तेव्हाच कळलं की त्यांना समजलं.

हात मनगटाच्या वरून काढावा लागला. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोबाइलमधला फोटो पुसला. मुलीलाही पुसायला सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही.

संध्याकाळी शाखेत पोलिसांपुढं माझा जबाब झाला. साहेबांच्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं.

"सकाळी बंदूक रिकामी होती?"

"हो."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो. सही आहे माझी."

"मग नंतर काडतुसं कुणी भरली?"

"मला माहीत नाही."

झालं. बोटांचे ठसे वगैरे कुणी घेतले नाहीत. सकाळी रिकामी होती, काडतुसं गार्डच्या खिशात असायची, म्हणजे गार्डनंच भरली. ती ताटात ठेवायला लावली होती हे साहेबांनीही सांगितलं नाही, त्यांच्या अंगाशी आलं असतं. सरळ हिशेब. माझी सही त्यांच्याविरुद्ध उभी राहिली, आणि त्या दिवशीची सही तर मी अगदी वाकून बघून केली होती. मामांनी जबाबात एवढंच सांगितलं म्हणे, की काडतुसं त्यांच्याच ताब्यात होती. भरली कुणी, यावर ते गप्प राहिले. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला. परवाना गेला, नोकरी गेली.

मला वाटलं, मामांनी मला वाचवलं. विधवा बाई, पदरात पोर, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. मी मनातल्या मनात त्यांना देव करून टाकलं. माणसाला देव केलं की त्याचं काही देणं लागत नाही, नमस्कार केला की भागतं. मी रोज नमस्कार करायचे. भेटायला एकदाही गेले नाही.

सांगोल्याकडच्या एका खातेदारानं मध्येच कधीतरी सांगितलं, की तिकडं लोक हसतात. पूर्वी आसपासच्या गावांतले परवानावाले आपापल्या बंदुका मामांकडं तपासायला आणायचे. आता कुणी येत नाही. "जल्मभर बंदुका नीट केल्या आन् सोताच्या हातावर गोळी घातली," असं म्हणतात. तो खातेदारही हसला. मी त्याचं पासबुक भरून दिलं.

वर्षभरात शाखेला नवी बंदूक आली. सेफ्टीवाली, आतून अडसर असलेली. बैल गेला आणि झोपा केला. नवा गार्ड तरुण आहे, मला कधी बोलावत नाही. मी स्वतः उठून जाते आणि म्हणते, उघड. तो वैतागतो. मी बघते.

अशी सहा वर्षं गेली. गेल्या वर्षी मुलीला पुण्यात नोकरी लागली. दुसऱ्याच महिन्यात मी एक निवेदन लिहिलं, पोलीस ठाण्याला एक प्रत, संस्थेला एक प्रत. काडतुसं मी भरली, माळ मी बांधली, बघितलं असं मी सांगितलं. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, तशी मी. माझी नोकरी गेली तरी पोरीचं अडणार नाही अशी वेळ आल्यावर मला खरं बोलायचं सुचलं. हे मी स्वतःला सारखं ऐकवते, म्हणजे दुसऱ्या कुणी ऐकवायच्या आत.

निवेदन देण्याआधी मामांना दाखवायचं ठरवलं. रविवारी डबाभर शेंगापोळ्या केल्या आणि सांगोल्याची एस्टी धरली. पुढं वडापच्या जीपमधून त्यांच्या गावी. घर डाळिंबाच्या बागेच्या कडेला. मामा अंगणात बसून एका हातानं गवत कापत होते, पेंढी पायाखाली धरून. मला बघून थांबले. विळा खाली ठेवला, पण आधी त्याचं पातं भिंतीकडं वळवलं.

"ताई? या. बसा."

त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मला ती प्रथमच बघत होती. मी डबा दिला तर म्हणाली, "कशाला येवडं? लांबनं आलासा, हेच लई झालं." डबा घेऊन आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मी कागद काढला आणि मामांपुढं धरला. त्यांनी चष्मा मागितला नाही. कागदाला हातही लावला नाही.

"काडतुसं मी घातली मामा."

"ठावं हाय."

"तुम्ही मला वाचवलंत. इतकी वर्षं..."

"म्या न्हाय वाचवलं," ते म्हणाले. आवाज रोजच्यासारखाच, बादलीपाशी असायचा तसा. "काडतूस खिशातनं काडलं, ती माजी चूक. साहेब काय बी म्हनला तरी काडाय नगं हुतं. त्येची शिक्षा म्या घेतली. तुमची तुमी सांगशीला म्हून थांबलो."

कागद मी अजून तसाच पुढं धरला होता.

"म्या म्हनलं, आज सांगतील. दवाखान्यात हुतो तवा वाटलं, उद्या येतील. केस चालू हुती तवर वाटायचं. मग सोडलं." त्यांनी गवताची एक काडी उचलून पेंढीवर ठेवली. "म्या सांगितलं आसतं तर लोक म्हनलं आसतं, बाईवर ढकलतोय. दुसऱ्यानं बघितल्यालं दुसऱ्यानंच सांगाय लागतंय."

सहा वर्षं मी ज्याला दया समजत होते, ती वाट बघणं होतं. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, तुम्ही एक निरोप तरी धाडायचा. माझा तो राग, तिथंही. मग त्यांची दुमडून पिन लावलेली बाही दिसली आणि तो गेला.

"हे उद्या पोलिसांत देते," मी म्हणाले.

"द्या. पर आदी हिला सांगा." त्यांनी आतल्या बाजूला मान वळवली. "सा वर्सं ती मला म्हनती, जगाला शिकवीत हुता आन् सोताला अक्कल न्हवती. म्या काय बोललो न्हाय. पोलिसाचं जाऊ द्या. हिला सांगा."

मी आत गेले. शेंगापोळ्या तिनं परातीत काढून ठेवल्या होत्या, डबा घासून पुसला होता आणि आता डाळिंबाचे दाणे सोलून त्यात भरत होती. डबा अर्ध्याच्या वर भरला होता. मला बघून म्हणाली, "जाताना न्यायला वो. पोरीला द्या."

मी उभ्या उभ्या सांगितलं. काहीही गाळलं नाही. ताट, काडतुसं, माळ, 'बघितलं', जबाब. फोटोचंही सांगितलं. ती सोलायची थांबली नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा हातातलं डाळिंब संपवलं, साल बाजूला टाकली, हात पदराला पुसले. एकदा दारातून बाहेर, नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं डबा उचलला, परातीवर पालथा केला, तळ दोनदा थोपटला, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला.

"या," ती म्हणाली.

अंगणात मामा पुन्हा गवताला लागले होते. मी निघाले तेव्हा त्यांनी वर बघितलं, पण थांबा म्हणाले नाहीत, की पुन्हा या म्हणाले नाहीत. सांगोल्यात एस्टी लागलेली होती. मी खिडकीशी बसले आणि डबा मांडीवर घेतला. तिनं एखादा दाणा तरी ठेवला असेल असं मला उगाच वाटत होतं. गाडी सुटल्यावर मी झाकण उघडलं आणि उजेडाकडं धरून, वाकून नीट बघितलं.

रिकामा होता.